टर्की तळायच्या जप्त पातेल्याबाबत

प्रति,
मा. दलप्रमुख श्री. जेरोम बियांकी,
स्वयंसेवी अग्निशमन दल, हेरॉन लेक टाउनशिप,
अप्पर पेनिन्सुला, मिशिगन.

विषय : सौनाच्या (बाष्पस्नानाच्या खोलीच्या) ओसरीवरून जप्त केलेले पातेले व गॅसची शेगडी यांबाबत.
संदर्भ : आपण माझ्या अंगणात, सर्व शेजाऱ्यांसमक्ष दिलेली तोंडी समज.

महोदय,

मी खाली सही करणारा लायल हुहता, शाळेच्या बसवरील निवृत्त चालक, आपणांस सविनय कळवतो की माझी मुलगी मॅरिट हिचा विवाह आपले चिरंजीव कोल यांच्याशी येत्या ऑक्टोबरात ठरला आहे. हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु जूनपासून आपण दोघे एकमेकांशी बोलत नसल्याने मला सर्व काही पहिल्यापासून व लेखी मांडणे भाग आहे.

१. साखरपुड्याच्या जेवणात मी घरी केलेली बिअर वाढली. ती डब्यात विकत मिळणाऱ्या जवाच्या तयार पाकाची आहे असे कळताच आपण म्हणालात, "लायल, डबा उघडून सूप गरम करणाऱ्याला आपण आचारी म्हणतो का?" सर्व हसले. माझी पत्नी कार्लीन सर्वांत जास्त हसली. मी तिथेच उभा राहून जाहीर केले की लग्नातली सगळी बिअर मी अख्ख्या जवापासून, दाणे स्वतः भरडून करीन. त्या वेळी माझ्या हातात तिसरा ग्लास होता.

२. अख्ख्या जवाच्या बिअरला मोठे भांडे लागते, एवढे मला माहीत होते. किती मोठे, ते माहीत नव्हते. दुकानातील तोटी व तापमापक बसवलेल्या पोलादी भांड्यांवरून मी हात फिरवला आणि परत आलो, कारण पैसे आधीच लग्नाच्या मांडवात गेले होते. मग कुणाच्या तरी अंगणातील जुन्या सामानाच्या विक्रीतून टर्की तळायचे ॲल्युमिनियमचे पातेले व त्याची शेगडी उचलली. दाणे गरम पाण्यात मुरवण्यासाठी मासे धरायला जाताना नेतो ती बर्फाची पेटी घेतली. गाळणी म्हणून नळाच्या लवचिक नळीवरची पोलादी जाळी सोलून पेटीच्या तळाशी बसवली. दाण्यांतून निघालेला रस उकळल्यावर थंड करायला तांब्याची नळी रंगाच्या डब्याभोवती वळवली, ती दोन ठिकाणी चेपली. पेटीचा माशांचा वास सोड्याने घासल्यावर जवळजवळ गेला. एकंदरीत मी स्वतःवर खूश होतो. पातेले रसाने काठोकाठ भरले, तेही मला काटकसरीचेच लक्षण वाटले.

३. जूनमधल्या त्या दिवशी वाऱ्याने ज्योत विझत होती म्हणून शेगडी सौनाच्या ओसरीवर नेली. रस उकळू लागला, मी बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुले टाकली, आणि फेस उसळून चहूबाजूंनी बाहेर आला. त्यावर मी फुंकर मारत राहिलो. साठीचा माणूस पातेल्यावर फुंकर मारतो आहे हे शेजारीण डोलोरेस हिने प्रथम पाहिले. त्यानंतर ओसरीवर वाळत घातलेले टॉवेल पेटलेले पाहिले व आपणांस फोन केला. आपण दोन बंब घेऊन आलात, आग विझवलीत आणि म्हणालात, "लग्नाला अजून अवकाश आहे रे, वरात आत्ताच बोलावलीस?" त्यावर मी म्हणालो, "तू आधी पाणी योग्य घरावर मारायला शीक!" हे मी बोलायला नको होते. एकदा आपण जळते घर सोडून शेजारच्या खुराड्यावर पाणी मारले होते, त्या कोंबड्यांचा विषय गावात कुणीही काढत नाही. आपण सर्वांसमक्ष मला समज दिलीत आणि पातेले व शेगडी बंबावर चढवलीत.

४. मॅरिटने फोनवर सांगितले, "बाबा, बिअर नसली तरी लग्न लागेल. पण तुम्ही दोघं एका फोटोत उभे राहणार नसाल, तर मी आणि कोल कोर्टात जाऊन सह्या करून येतो." मी म्हणालो, "पहिला तो बोलू दे." तिने फोन ठेवला. त्या दिवशी कार्लीनही माझ्याशी बोलली नाही.

५. गेल्या शनिवारी दलाच्या मका-जेवणास मी टोपी डोळ्यांवर ओढून आलो होतो. आपण माझ्याच पातेल्यात कणसे उकडत होतात. लोक म्हणत होते, "यंदा मक्याला काहीतरी झालंय." मक्याला काही झाले नव्हते, पातेले नीट धुतलेले नव्हते. हॉप्सची ती कडू चव ओळखून मी दोन कणसे खाल्ली. जेवणे उरकल्यावर पातेले परस्पर पिकअपमध्ये घालावे या हेतूने मी दलाच्या ठाण्यात मागच्या दाराने शिरलो. यास चोरी म्हणतात, याची मला जाणीव आहे.

आत कोल होता. त्याच्याजवळ एक प्रचंड पोलादी भांडे होते, आरशासारखे लखलखीत, आणि त्याला नवी कोरी तोटी होती. मी विचारले, "हे काय?" तो म्हणाला, "आजीचं आहे, टोमॅटो शिजवायचं. पप्पा तीन रविवार घासतायत. तोटीही त्यांनीच बसवली. म्हणतात, लायलचं पातेलं लहान पडतंय, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं."

"मग सांगत का नाही?"

"म्हणतात, पहिला तो बोलू दे."

मी पिकअप रिकामीच घरी आणली. वाटेत एकदा बाजूला थांबावे लागले.

६. सबब, जप्त पातेल्यावरील माझा हक्क मी सोडत आहे. पुढच्या कणसांपूर्वी ते एकदा घासावे. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, दलाच्या अंगणात, उघड्यावर, आपल्या मातोश्रींच्या भांड्यात बिअर करण्याची परवानगी मिळावी. दाणे, पेटी व चेपलेली नळी मी आणीन. शेगडीजवळ दलाचा माणूस हजर असावा हे मला मान्य आहे. मात्र दुसऱ्या कुणास न पाठवता आपण स्वतः यावे. दाणे मुरवण्यापासून रस थंड होईपर्यंत बहुतेक सगळा दिवस जातो, आणि इतका वेळ शेजारी उभे राहून गप्प बसणे मला जमणारे नाही. तुलाही नाही, जेरोम.

या अर्जाचे उत्तर कृपया लेखी देऊ नये. मी घरीच आहे.

आपला होऊ घातलेला व्याही,
लायल हुहता

दि. २७ ऑगस्ट