गेलेल्या हाताची खाज

बाबा, आधी नमस्कार, मग बातमी.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पण सकाळपासून अंगावरचा काटा जात नाहीये.

इथे आम्ही संगणकात मेंदूच्या पेशींचं जाळं बनवतो. काल मी त्यात हाताकडून येणारी वाट तोडली. हाताच्या पेशी गप्प बसायला हव्या होत्या. आज जाळ्यात गालाच्या वाटेने स्पर्श दिला, तर हाताच्या त्याच पेशी पेटून उठल्या! पुन्हा पुन्हा तपासलं. चूक नाही.

मशीनमध्ये गेलेला तुमचा पंजा दाढी करताना शिवशिवतो, म्हणता ना? आई हसते, "हात नाही आणि शिवशिवतो म्हणे!" बाबा, खरंच शिवशिवतो हो! वस्तरा गालावर फिरतो आणि मेंदूत हाताच्या पेशी जाग्या होतात.

रात्री झोप लागते का? आता त्या हाताला खाज आली की आईलाच गाल खाजवायला सांगा.

तुमची हादरलेली,
धाकटी