तुला टीबी नव्हताच

माय, मी तुझ्यावर संतापले आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं कुणीही म्हणेल. म्हणून कुणाला सांगत नाही, तुलाच सांगते. गेल्या आठवड्यात नांदेडच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचे फोटो उजेडावर धरले आणि म्हणाले, फुफ्फुसं आतून निबर होत चालली आहेत असं दिसतंय, पण कशामुळं ते एवढ्यावरून कळत नाही. वर्गात एक कविता म्हणताना मला तीनदा थांबावं लागतं, हे मी त्यांना सांगितलं. हळदीच्या धुळीत काम केलंय का, त्यांनी विचारलं. केलंय की, तुझ्याबरोबरच, लग्न होईपर्यंत दर हंगामात. मग पेन थांबवून म्हणाले, "आईवडिलांपैकी कुणाला असा त्रास होता?" मी म्हणाले, आईला टीबी होता. "तपासणीत निघाला होता का?" पंचवीस वर्षं पोरांना प्रश्न विचारणारी बाई मी, आणि मला एवढंही सांगता येईना.

धुळीनं झालं असेल तर औषध एक, घराण्यातून आलं असेल तर दुसरं. म्हणून फुफ्फुसाचा लहानसा तुकडा काढून तपासावा असं त्यांचं म्हणणं. पूर्ण भूल देतात, बरगड्यांमधून नळी घालतात, आणि त्यानंतर एखाद्याचा त्रास वाढतो, हेही त्यांनी लपवलं नाही. आठ दिवसांत विचार करून सांगा म्हणाले. घरी आले आणि कळमनुरीला मावशीला फोन लावला, की मायचा एखादा जुना कागद सापडतो का बघ. ती म्हणाली, "आता काय लपवू, बाई. तुझ्या लग्नाआधी मीच गेलते तिच्यासंगं मोठ्या दवाखान्यात. डाक्टर म्हणले, ह्यो टीबी न्हाई वाटून राहिला, तुकडा काढून बघू. तुझ्या मायनं इचारलं, लेकराला व्हतो का? ते म्हणले, एखाद्या घरात व्हतो. तशी उठलीच ती. बसमधी म्हणली, टीबीच बरा, गोळ्यांनं जातो आन् लोक इसरतेत. खानदानी हाय म्हणलं तर माझ्या पोरीला कोण सून करून घेईल?"

तुला कुणी विचारलं होतं गं? माझं लग्न तुझ्या छातीपेक्षा मोठं होतं, हे तू कुणाच्या सांगण्यावरून ठरवलंस? गावच्या डॉक्टरनं अंदाजानं लावलेल्या गोळ्या तू मुकाट गिळत राहिलीस. तुझं ताट वेगळं, गिलास वेगळा, गिलासाच्या बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका, म्हणजे चुकून कुणी त्यातून पाणी पिऊ नये. माझ्या लग्नात तू मांडवाच्या कडेला, तोंडाला पदर लावून, सगळ्यांपासून लांब बसली आहेस. शिरड शहापूरची माझी सासरची माणसं आपसात म्हणतात, बाई किती मर्यादशील आहे. आणि तू पदराआड खोकला दाबतेस. तुझ्या गिलासातून कुणाला काही होणार नाही, हे तुला तेव्हा कळलेलं होतं. मला झालं तर ते दुसऱ्याच वाटेनं होईल, हेही कळलेलं होतं. तरी गप्प बसलीस. याला लोक माया म्हणतात. मला आज ती नको आहे.

तुझ्या जावयाला हे सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही, माझी पिशवी आता तोच उचलतो. पण आमच्या पोरीचं वाशीमकडं जमत आलंय. तो हळूच म्हणाला, "लग्न उरकू दे, मग बघू तपासायचं. तवर कोणी इचारलं तर टीबीच म्हणू." मी ओरडले त्याच्यावर. भांडी वाजावीत तशी ओरडले आणि मग खोकत खाली बसले. त्यानं पाणी आणून दिलं, मी ते घेतलं नाही.

शेवटी पोरीलाच फोन केला. तुकडा, नळी, धोका, तिची आजी, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुला भीती वाटत असेल तर नको करू. पण माझ्या लग्नासाठी नको म्हणू नकोस. आणि तिकडच्या लोकांना मी सांगते, तुमी दोघं बोलू नका." भीती वाटते गं माय, खूप वाटते. सकाळी जिना उतरतानासुद्धा वाटते. तरी उद्या नांदेडला जाऊन सही करणार आहे. डॉक्टरांनी भरायला दिलेल्या फॉर्ममध्ये, घरात कुणाला होतं का, या रकान्यात तुझा जावई टीबी लिही म्हणाला होता. मी लिहिलंय: आईला, तपासू दिलं नाही.

तुला लिहिलेला हा कागद माझ्या दवाखान्याच्या फाइलीत, त्या फॉर्ममागे राहील, तुझ्यापर्यंत काही येणार नाही. म्हणून सांगून टाकते. तो लाल ठिपका तुझ्या जावेनं, काकूनं लावला असं तू समजत होतीस, आणि तिच्याशी अबोला धरला होतास. तो मी लावला होता. पुसट झाला की पुन्हा मीच लावायचे. तू राखेनं गिलास घासताना तेवढी जागा सोडून घासायचीस, आणि मी दारात उभी राहून बघायचे.