फुग्यांचा हेलियम

३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी प्रयोगशाळेतला हेलियम संपला! काटा शून्यावर. पुण्याची टाकी शुक्रवारी येणार म्हणे, आणि शनिवारी यंत्र तपासायला समिती. यंत्राच्या नळीत तांब्याचं नवं काही दिसलं नाही, तर ते मोडून खोली दुसऱ्या विभागाला. वृषाली मॅडमच्या संशोधनाची चार वर्षं त्यात आहेत. माझीही – एकेक स्क्रू मी आवळलाय. मॅडम डबा न उघडताच घरी गेल्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार

जमलं! इंदापूरचा महिपती वाढदिवसाला फुगे भरून देतो, त्याच्याकडं भरलेली टाकी निघाली. "न्ह्या की मामा, परत द्या म्हंजे झालं." फुलांच्या कमानीशेजारी टेंपोत टाकी बांधून बारामतीला आणली. टेंपोवाल्यानं विचारलं, वाढदिवस कुणाचा. म्हणालो, तांब्याचा! त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

मॅडमना एवढंच सांगितलं – हेलियम मिळाला. कुठून, ते त्यांनी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन टेकड्या! दोन!

नीट क्रमानं लिहितो. नळीच्या एका टोकाला तांब्याचे प्रभारित अणू सोडायचे. वीज त्यांना पुढं ओढते, हेलियम वाटेत धडकत राहतो. त्याला कुणाशी सोयरीक नको – धक्का देतो आणि बाजूला होतो. मला हा वायू फार आवडतो. अणू पलीकडं पोहोचले की पडद्यावर टेकडी उठते. तांबं एक, म्हणून टेकडी एक. आजवर तरी.

मॅडम दोन वर्षं दुसरी शोधतायत. जादा ऊर्जा घेतलेलं तांबं हेलियममधून लवकर सटकतं, म्हणून ती टेकडी आधी यायला हवी. आज दुसरी आली – पण मागाहून! असं पुस्तकातही नाही, म्हणाल्या. आलेख लगेच समितीला पाठवला. मी दोनदा जिना चढलो-उतरलो, उगीच. मग पेढे आणले.

घरी बायकोला, सारजाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तांबं उशिरा आलं म्हणून पेढं? तुमी रोज उशिरा येता, तवा न्हाय कुणी वाटलं."

६ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी स्टँडवर महिपतीचा फोन. टाकी कधी देताय, कारखान्यावर कार्यक्रम हाय. बोलता बोलता म्हणाला, "फुगा तरंगल्याशी मतलब, मामा. थोडी हवा मारलेलीच असती त्यात."

घरची, निरवांगीची एसटी समोरून निघून गेली. मी उभाच.

म्हणजे मागाहून येतंय ते नवं काही नाही. तांब्याला हवेतलं बाष्प चिकटलंय. जड झालं, म्हणून रेंगाळतंय. आणि आलेख समितीच्या हातात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी जीभ अडली. खोटं बोलणार नाही. खोटं तर बोललो नव्हतो! सांगितलं नव्हतं, इतकंच. बारामतीपर्यंत एसटीत हेच घोळवलं. उतरलो तेव्हा ते 'इतकंच' राहिलं नव्हतं.

मॅडमना सगळं सांगितलं. फुगे, कमान, महिपती. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी समितीला लिहून आलेख मागं घेतला, मग माझ्याकडं वळल्या. "आता उद्या दाखवायला काय उरलं, मामा?"

पुण्याची टाकी आली होती, ती उतरवून घेतली. दिवसभर नळी तापवत, आतली हवा ओढून काढत बसलो. दुसरं काय करणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

समितीसमोर शुद्ध हेलियम सोडला. मागची टेकडी गेली, साफ. तांब्याची एकटी उभी. समितीतल्या एकांनी वही मिटली. तेवढ्यात मॅडमनी माझी बाही धरली – टेकडीच्या अलीकडं, बारीक, पण पुन्हा पुन्हा त्याच जागी, एक उंचवटा. आधी आलेला!