उशी, कुलूप आणि मागची खोली

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, अविवाहित, माजी प्राथमिक शिक्षिका, असं लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत बसून केलं आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. त्यातून उठले तर हा कागद कपाटात राहील. नाही उठले तर माझ्यामागे कोणाला "बाईंच्या मनात काय होतं कोण जाणे" असं म्हणायची सोय राहू नये.

वकिलांच्या आग्रहाखातर सर्वांची पूर्ण नावं आणि पत्ते सोबतच्या पुरवणीत दिले आहेत. इथे मी प्रत्येकाला ज्या हाकेने ओळखते त्याच हाकेने लिहिणार आहे.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत यायला सांगितलं. मी विचारलं, "कशासाठी?"

"बाई, ठरलेला प्रश्न आहे तो."

"ठरवला कोणी?"

डॉक्टर माझेच विद्यार्थी. म्हणाले, "बाई, उत्तर द्या, नाहीतर नापास करीन."

दिलं मी उत्तर. आयुष्यात एवढी एकच चाचणी मुकाट्याने दिली, कारण तिच्यावर माझं घर अवलंबून होतं.

घराविषयी. शाळेच्या भिंतीला भिंत लागून असलेलं हे घर माझ्या स्वकष्टार्जित पैशांतून घेतलेलं आहे. त्यावर कर्ज नाही, बोजा नाही. हे संपूर्ण घर मी माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला देते. मागच्या खोलीपुरतं वेगळं कलम शेवटी आहे. ते तिने आधी वाचावं आणि मग रागवावं.

अट एकच. जी कंपनी सध्या शाळा चालवते तिला, किंवा तिच्या वतीने येणाऱ्या कोणालाही, हे घर विकू नये, भाड्याने देऊ नये, वापरायलाही देऊ नये. त्यांना इथे चाचणी केंद्र हवं आहे. मधली भिंत पाडून, संगणक मांडून, शाळेतून थेट आत यायचं, असा त्यांचा आराखडा आहे. तो मला माझ्याच जेवणाच्या टेबलावर पसरून दाखवण्यात आला. माझ्या स्वयंपाकघराच्या जागी त्यात 'प्रतीक्षा कक्ष' लिहिलं होतं.

भाचीला मी आधीच विचारलं आहे. ती कपडे शिवते. बोलतानाही तिच्या तोंडात टाचण्या असतात. त्या काढून म्हणाली, "आत्या, बाबा आधी मला समजावतील. मग चिडतील. मग बोलणं टाकतील."

"मग?"

"मग रविवारी जेवायला येतील."

म्हणून घर तिला.

दादाविषयी. माझ्या थोरल्या भावाला माझ्या पुढच्या दाराचं जुनं पितळी कुलूप आणि माझी कापसाची उशी द्यावी. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी पहिली-दुसरीला शिकवायची. वर्गात एक तराजू होता. भंगारवाल्याकडून घेतलेला, दोन्ही पारडी चेपलेली. मी आणि शेजारच्या वर्गावरच्या बाई, दोघींनी तो दोन बाजूंनी धरून रस्त्यातून आणला होता. मुलं मला थोरल्या बाई म्हणत आणि तिला धाकट्या बाई. मी तिला नुसती धाकटी म्हणायची. नोकरीला लागली तेव्हा तिला राहायला जागा नव्हती. माझ्या मागच्या खोलीत आली ती पुढे कित्येक वर्षं राहिली. लोक विचारत, सख्खी बहीण का? आम्ही हो म्हणून मोकळ्या होत असू.

तर तो तराजू. मुलं घरून वस्तू आणत. डबा, चप्पल, आजोबांची काठी, एकदा झोपलेलं मांजर. काय जड, काय हलकं, हे कोणी नुसतं बघून सांगायला लागलं की सगळा वर्ग ओरडे, "हातात घेतल्याशिवाय सांगायचं नाही!" हाच आमचा नियम होता. सांगण्यासारखी गोष्ट ही की तो धाकटीने केला होता. तिच्या वर्गात सुरू झाला आणि भिंतीपलीकडून माझ्या वर्गात आला.

मग कंपनी आली. शाळा सरकारचीच राहील, आम्ही फक्त सुधारणा करू, असं सांगत आली. एक टॅब आला. त्यात कोणत्या मिनिटाला बाईंनी कोणतं वाक्य बोलायचं ते लिहिलेलं. चित्रकलेचा तास गेला, मधली सुट्टी निम्मी झाली. शिक्षकांच्या खोलीत आमच्या नावांची रंगीत पट्टी लागली, हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात, दुकानातल्या मालावर लावतात तशी. आणि दर महिन्याला चाचणी, देशभर एकच. चार गोल, त्यातला एक काळा करायचा.

चाचणीच्या वेळी वर्गशिक्षिकेला आत बसू देत नसत. त्या दिवशी आत काय झालं ते मला दाराशी उभ्या असलेल्या शिपाईमावशींनी सांगितलं. प्रश्नात एक उशी आणि एक कुलूप काढलं होतं. जास्त जड काय? माझ्या वर्गातली एक शेंबडी, दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली आणि पर्यवेक्षकांना म्हणाली, "सर, कुलूप कुठंय?"

"चित्रात बघ ना."

"चित्र उचलता येत नाही."

"उचलायचं नाही. गोल काळा करायचा."

"पण सर, उशी कापसाची आहे का स्पंजची?"

मावशींनी सांगितलं की सर आधी हसले, मग घड्याळ बघून ओरडले. मुलगी खाली बसली. आणि माझ्या अख्ख्या वर्गाने वजन-मापाचा सबंध भाग कोरा ठेवला. एकाही मुलाने एकही गोल काळा केला नाही. हातात घेतल्याशिवाय सांगायचं नाही, म्हणून नाही सांगितलं. अशी चूक जगात फक्त माझी मुलं करू शकतात. मी घरी येऊन रडले, पण आधी पोट धरून हसले होते.

मशीनला काय कळणार? त्याने शून्य दिलं. वर्ग लाल झाला, वर्गामुळे शाळा लाल झाली, आणि लाल शाळा करारानुसार पूर्णपणे कंपनीकडे गेली.

त्या प्रश्नपत्रिका दादाच्या छापखान्यात छापल्या होत्या. उत्तरतालिकाही. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मास्तरीणबाई, मी कागद छापतो, प्रश्न नाही काढत. आज लग्नपत्रिका, उद्या हे." उत्तरतालिकेत 'कुलूप' छापलं आहे. तेव्हा दादाने एका हातात माझी उशी आणि एका हातात माझं कुलूप धरावं, डोळे मिटावेत, आणि काय ते स्वतःला सांगावं. मला सांगायला मी नसेन. याखेरीज माझा त्याच्यावर राग नाही. आहे, पण तो मृत्युपत्रात लिहिण्याएवढा नाही.

बँकेतल्या ठेवीविषयी. ठेव शिपाईमावशींना द्यावी. शाळा पूर्णपणे कंपनीकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांना 'अनावश्यक खर्च' म्हणून काढून टाकलं. पोटात दुखणाऱ्या पोराला कोणी मांडीवर घ्यायचं, याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता. भाचीने घेण्याचा आग्रह करावा, मावशी तीनदा नाही म्हणतील.

मानपत्रांविषयी. 'आदर्श शिक्षिका' अशी दोन मानपत्रं काचेच्या चौकटीत आहेत. पैकी एक ज्या साहेबांच्या हस्ते मिळालं, पुढे त्यांच्याच सहीने मला वर्गावरून काढून भांडारात बसवण्यात आलं. तिथे मी खोके मोजत बसायला नकार दिला आणि राजीनामा दिला. दोन्ही मानपत्रं रद्दीवाल्याला द्यावीत. पण तोलून द्यावीत, अंदाजाने नव्हे.

शोकसभेविषयी. शाळेत घेऊ नये. प्रवेशद्वारापाशी 'आमचे प्रेरणास्रोत' नावाची जी भिंत रंगवली आहे तिथे माझा फोटो लावू नये. लावलाच तर भाचीने जाऊन काढावा. तिच्याकडे कात्री आहे.

पालकांविषयी. कंपनी हवी म्हणून ज्यांनी सह्या केल्या त्यांच्याशी भाचीने वाकडं वागू नये. त्यांची पोरं शेजारच्या खासगी शाळेतल्या पोरांसारखी बोलतील, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. कोणाला नको असतं ते? पण त्या दोन वेण्यांच्या मुलीच्या आईला पुढच्या वर्षी निरोप गेला, "चाचणीच्या दिवशी तिला घरीच ठेवा, बरं नाही म्हणून कळवा." आई माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, मी सही केली, पण तिला बाजूला काढतील असं नव्हतं सांगितलं." मी चहा केला. ती मुलगी आता चाचणीच्या दिवशी माझ्याकडे येते. माझ्यामागे भाचीकडे येईल. तिला आत घ्यावं.

मागच्या खोलीविषयी. हे कलम मी वकिलांना तीनदा बदलायला लावलं. ते म्हणाले, "बाई, आता शेवटचं सांगा." हे शेवटचं.

शाळा गेली तेव्हा माझी चौकशी झाली. तिथे मला कळलं की शेजारच्या वर्गाने, धाकटीच्या वर्गाने, सगळे गोल काळे केले होते. तिला प्रशिक्षणात नमुना प्रश्नपत्रिका मिळाली होती. आधीचे काही आठवडे ती मुलांना शिकवत होती, "चित्रात दिसतं तेच सांगायचं." रोज रात्री माझ्या समोर बसून जेवत होती, आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती.

चौकशीत साहेबांनी तिला विचारलं, "वस्तू हातात घेतल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हा नियम शाळेचा होता का?"

ती म्हणाली, "नाही. तो त्यांचा वैयक्तिक होता."

त्यांचा. 'ताईंचा'सुद्धा नाही.

मी तिच्याकडे बघत होते. ती खिडकीकडे. त्यानंतर महिनाभरात ती गुणवत्ता समन्वयक झाली आणि कंपनीने दिलेल्या घरात राहायला गेली. शत्रूने मारलं तर माणूस निदान हात तरी वर करतो. मी तर तिला वाढत होते.

घराचा आराखडा माझ्या टेबलावर पसरला तो तिनेच. बरोबर एक टाय लावलेला तरुण होता, त्याला मी बाहेर व्हरांड्यात बसवलं.

"ताई, एवढं मोठं घर. तुम्ही एकट्या."

"तू होतीस तेव्हा मोठं नव्हतं वाटत?"

ती आराखड्याची कड सरळ करत हळूच म्हणाली, "मी तेव्हा हो म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती, ताई."

"माझी गेली."

"तुमच्याकडे घर होतं. माझी तर खोलीसुद्धा तुमचीच होती. उद्या तुम्ही रागावला असता तर मी कुठं जाणार होते?"

ते एक वाक्य मला नोकरी जाण्यापेक्षा जास्त लागलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून तिला असं वाटत होतं! आराखडा मी गुंडाळून तिच्या हातात दिला. उत्तर दिलं नाही. मला हातात घेऊन बघायला वेळ हवा होता. आता देते.

मागची खोली, तिची न्हाणी आणि अंगणातून जाण्यायेण्याची वाट, यांत राहण्याचा धाकटीला तहहयात हक्क राहील. भाचीला, दादाला, कंपनीला किंवा सरकारला तो काढून घेता येणार नाही. तिने भाडं देऊ नये. तिने माफी मागितली आहे की नाही हेही कोणी बघू नये. तराजू त्या खोलीतल्या खिडकीत ठेवावा. ती आली नाही तरी खोली दुसऱ्या कोणाला देऊ नये. आठवड्यातून एकदा झाडून घ्यावी आणि किल्ली तिला पोचती करावी.

ही क्षमा नव्हे, हे वकिलांनी लिहून घ्यावं. मी तिला क्षमा केलेली नाही. पण यापुढे कधी तिला कोणी साहेबाने विचारलं, हा नियम कोणाचा, तर तेव्हा तिच्या मागे कायद्याने तिची स्वतःची खोली उभी असेल. मी कुठं जाणार होते, हे कारण यापुढे तिला सांगता येणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोघा साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: थोरल्या बाई
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: शाळेत मासिक चाचणी सुरू असताना. तारीख वकिलांच्या शिक्क्यात आहे.

साक्षीदार पहिले: डॉक्टर, माजी विद्यार्थी
साक्षीदार दुसरे: समोरचे चष्मेवाले. यांनी सही करण्याआधी सगळा कागद स्वतः हातात घेऊन पुन्हा वाचला.