बाहेरून कडी

भोईवाडा, परळ
१२ ऑक्टोबर २०२५

ती. कांताआत्यास,
सुनेत्राचा सविनय जयभीम.

ज्या माणसाने माझ्या आजीला, तुझ्या आईला, खोलीत घालून बाहेरून कडी लावली, त्याला शांत झोप लागावी म्हणून मी धडपडायचं का? आत्या, मला याचं उत्तर येत नाही. परीक्षेत विचारलं असतं तर काय लिहायचं ते ठाऊक होतं.

रामजीकाका आमच्या दवाखान्यात येऊ लागले आहेत. त्यांच्या मुलाने, अजितदादाने, गावी येऊन तुला ते सांगितलंच आहे आणि तुला कळवायला काकांची हरकत नाही, म्हणून लिहिते. एरवी पेशंटचं नावसुद्धा मी दवाखान्याबाहेर काढत नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच. माझा आवाज चढला असता.

आमच्या विभागात म्हातारी माणसं येतात. कुणी सारखं घाबरतं, कुणाचं जेवण तुटतं. घरचे म्हणतात, वयच झालं. ते वय नसतं, मनाचा आजार असतो आणि तो बरा होतो, हे घरच्यांना समजावणं आणि पेशंटशी बोलत राहणं हे माझं काम. काकी गेल्यापासून काका भिंतीकडे तोंड करून बसतात. आजोबा गेल्यावर आजी बसायची, अगदी तसेच. खोटं कशाला लिहू, त्यांना तसं बघून मला बरं वाटलं.

आत ते काय बोलले ते लिहिणार नाही. पण बाहेरच्या बाकावर, चार माणसांत, ते मोठ्याने म्हणाले की आमच्या घरात असलं कधी कुणाला झालं नाही, आई तेवढी वेडी होती.

तेवढी वेडी! गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र होतं म्हणून गप्प बसले. घरी बाबांना सांगितलं, तर ते पंखा पुसत राहिले. मोठ्या भावापुढे ते कधी बोललेत?

तब्येत सांभाळ. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुनेत्रा

---

मंडणगड
१९ ऑक्टोबर

चि. सुनेत्रास (सौ. लिहायचा योग कधी येतो बघू),
आत्याचे आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र वाचता वाचता भात करपला. वरळीच्या चाळीत ती कडी मी माझ्या हाताने काढली आहे. आई आत पडलेली, जीभ जड. रामज्याला विचारलं तर म्हणाला, आपण विज्ञानाने चालतो. सगळ्या बीडीडी चाळींत भाषणं करत फिरायचा की देव्हारे काढा, भगताला उंबऱ्याशी उभं करू नका. बरोबरच बोलायचा. पण आईला डॉक्टरकडे नेली नाही. केमिस्टकडून झोपेच्या गोळ्या आणल्या आणि त्यालाच विज्ञान म्हणाला. अगं, भगताने निदान एकदा विचारलं तरी असतं की बाई, तुला होतंय काय!

त्या गुंगीत आई मोरीत पडली, खुबा मोडला, ती पुन्हा उठली नाही. आणि विहारात पुण्यानुमोदनाच्या सभेला हाच उभा राहून सांगतो की आईचं डोकं फिरलं होतं तरी आम्ही सेवेत कसूर केली नाही. लोकांनी डोळे पुसले. दर स्मृतिदिनाला तेच भाषण.

आता तो तुझ्या हातात आलाय. त्याला सांग, येत्या स्मृतिदिनाला सगळ्यांदेखत बोल की आई वेडी नव्हती, मी तिला कोंडली. बोललास तर औषध, नाहीतर बस भिंतीकडे बघत.

येणाऱ्या माणसाबरोबर सुकट पाठवली आहे. रामज्याला त्यातली चिमूटभर देऊ नकोस.

माया आहेच, मागायला नको.
कांताआत्या

---

भोईवाडा
२७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

सुकट पोचली. शेजारच्यांनी वासावरून तू आलीस का विचारलं.

आत्या, औषधाला अट घालता येत नाही. म्हणशील, शिकून पोर मुळमुळीत झाली. पण आजारी म्हाताऱ्या माणसाचा इलाज आपल्या सोयीसाठी अडवून धरायचा, हेच तर काकांनी केलं होतं.

म्हणून राग कमी झालाय असं समजू नकोस. परवा काका पोटभर जेवले. अजितदादा ते सांगायला हसत आला, मला हसू आलं नाही. ज्या उपचाराने ते जेवले तो तेव्हाही इथे परळला मिळत होता. वरळीहून एक बस लागते. आजीला कुणी त्या बसमध्ये बसवलं नाही.

आणि माझी अडचण ही की काका माझे पेशंट असेपर्यंत चारचौघांत त्यांच्याविरुद्ध मला तोंड उघडता येत नाही. ते पुन्हा तेच भाषण करतील आणि मी हात जोडून ऐकेन.

तुझ्या पत्राची वाट बघते. उशीर करू नकोस.
सुनेत्रा

---

मंडणगड
३ नोव्हेंबर

चि. सुनेत्रास,
आशीर्वाद. जयभीम.

मग पेशंट ठेवूच नकोस! घरात पहिली पदवी तू घेतलीस आणि एवढं चौथी शिकलेल्या बाईने सांगायचं? त्या दवाखान्यात तू एकटीच आहेस काय? गुडघ्यांनी धरलंय, नाहीतर मी आलेच असते. ऐकू आलं नसतं तरी पहिल्या रांगेत बसून रामज्याचं तोंड पाहिलं असतं.

जे करशील ते मला कळव. जीव तुझ्याकडेच लागलाय.
आत्या

---

भोईवाडा
१७ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टर, डॉ. मृणालिनी, यांना जाऊन सांगितलं की हे माझे सख्खे काका आहेत, माझ्या मनात त्यांचा राग आहे, तेव्हा मी त्यांच्यासमोर बसणं बरोबर नाही. आधी का बोलली नाहीस म्हणून त्यांनी चांगलं झापलं आणि काकांना स्वतःकडे घेतलं. उपचार एक दिवससुद्धा तुटलेला नाही. पुढची तारीख चुकवायची नाही, हे अजितदादाला मीच बजावलं. तेव्हा तो माझ्याशी बोलत होता.

आता बोलत नाही. बाबा म्हणतात, घराण्यातली पहिली शिकलेली पोर, तिनेच घराण्याची अब्रू काढली.

काल विहारात वंदना झाली, आजीच्या फोटोला फुलं वाहिली. काकांनी भाषणासाठी खुर्ची मागे सरकवली, त्याआधी मी उठले. त्यांच्या आजच्या तब्येतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही. मी नववीत असताना शाळेतून येताना जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच बोलले. दाराची कडी बोलले. आजी आतून हाका मारायची आणि मी कडीला हात लावला की काका मला घरी पिटाळायचे, ते बोलले. गोळ्या बोलले. मग मी म्हणाले की माझी आजी बकुळा गणपत वेडी नव्हती. नवरा गेल्यावर ती आजारी पडली होती, त्या आजारावर इलाज होता आणि याच माइकवरून विज्ञान सांगणाऱ्या तिच्या थोरल्या मुलाने तो केला नाही.

कुणी डोळे पुसले नाहीत. काकांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं, निदान तेव्हा तरी त्यांची दया येईल. आली नाही. समोर बसलेल्यांत नवीन पोरंही होती, त्यांना कळावं म्हणून मुलाचं नाव स्पष्ट घेतलं, रामजी गणपत, आणि माइक बंद केला.

लोभ असू दे, आत्या. या घरात आता तुझाच काय तो उरलाय.

तुझी,
सुनेत्रा