जांभ्याचं वजन

मांडवी, रत्नागिरी
मे १९३४

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर मुद्दामच टाळलं. तीनदा लिहायला बसलो. एकदा आंजर्ल्याचा मचवा लागला म्हणून उठलो, एकदा शेजारच्या बाबूने खेकडे धरायला हाक मारली, आणि तिसऱ्यांदा शिव्याच इतक्या झाल्या की कागद फाडावा लागला. वर 'प्रिय' लिहिलंय ते आई शेजारी बसलीय म्हणून.

तू लिहितोस, "वीस वर्षांचा घोडा पोरांच्या बाकावर बसून पदार्थविज्ञान शिकणार? डोकं आहे का तेवढं?" माझं डोकं तू कधी पाहिलंस? आबा डोलकाठीवरून पडले तेव्हा मचव्यावर जायचं होतं थोरल्याने. पण तुझं मॅट्रिकचं वर्ष, तुझं ते विलायतेहून मागवलेलं पदार्थविज्ञानाचं जाडं पुस्तक! मग इंग्रजी पाचवीतून मला उठवलंस. "मुंबईच्या शाळेत घालतो," असं सांगून माझा दाखलाही तूच काढून नेलास. शाळा राहिली बाजूला, मी सहा वर्षं मंगळुरी कौलं वाहिली.

मंगळूरला एक म्हातारा तांडेल भेटला होता, नुसत्या वासावरून वारा सांगायचा. एकदा तर त्याने... असो, ते मोठं आहे. त्याला मी विचारलं, तळाशी दगडांचं नीरम भरलं की मचवा कलंडत नाही, ते का? म्हणाला, "मला नाही ठाऊक, मास्तरला विचार." म्हणून परत आलो. तुला जळवायला नव्हे. थोडं तेही.

शाळेत पाध्ये मास्तरांनी मला हाकललं नाही. म्हणाले, "वर्ग जूनमध्ये. तोवर एक दगड हवेत तोल, मग पाण्यात बुडवून तोल, आणि पाण्याच्या किती पट जड ते सांग." मी आपल्या पायरीचा जांभ्याचा तुकडा उचलला आणि केरू वाण्याच्या तराजूला टांगला. पाण्यात दर वेळी वजन निराळं! केरू ओरडला, "अरे, तुजा धोंडा गाभन हाय काय? वजन वाढतच हाय!" हे तुला मी हौसेने कळवलं होतं, तर त्याच पत्रात तुझं उत्तर, "धोंडा धोंड्याला तोलणार, दुसरं काय होणार!" तो कागद जपून ठेवलाय.

मास्तर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "जांभा भोकाभोकांचा, पाणी पितो. आधी त्याला पोटभर पिऊ दे, मग दोन्ही वजनं घे." दोन दिवस भिजवला. मग चार वेळा तोलला, चारही वेळा सव्वादोन पट. मास्तरांनी वहीवर सही केली. "बाकावर जागा ठेवतो," म्हणाले, "पण दाखल्याशिवाय हेडमास्तर नाव घालणार नाहीत."

हे पत्र त्यासाठी. दाखला हरवला असं तू आबांना सांगितलंस. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. धाकटा शिकला तर तुझं थोरलेपण कमी होईल, एवढीच तुझी भीती. शाळा उघडायच्या आत तो आला नाही तर माझं वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी मला कोण बसवून घेणार? या मोसमातली शेवटची आगबोट बंदरात लागलीय, तिच्याच टपालात हे घालतो. तुझी ट्रंक उघड आणि

थांब. दारात सगुणावहिनी आहे. एकटी, मुंबईच्या आगबोटीवरून पडावाने किनाऱ्याला उतरून आलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. माझ्या हातात पुडकं देऊन म्हणाली, "भावजी, ट्रंकेच्या तळाशी होता. ह्यांना सांगून नाही आले." दाखला आहे, दादा. घडीसुद्धा मोडलेली नाही. आणि सोबत तुझं ते विलायती पुस्तक. पहिली बारा पानं सोडली तर बाकीची अजून एकमेकांना जोडलेली, वाचण्यासाठी कापलेलीच नाहीत. यासाठी मी मचव्यावर गेलो होतो?

वहिनी पावसाळाभर इथेच राहते म्हणतेय. जेवणाचं तुझं तू बघ. मी सुरी शोधतोय. घाबरू नकोस, पानं कापायला.

तुझाच, इलाज नाही म्हणून,
बाळा