मोऱ्याची लाँच आणि आईंच्या पाटल्या

प्रिय मंदावहिनी,

काल संध्याकाळी सगळे तारकर्लीहून परत आले. यंदा मी गेले नव्हते, आईंपाशी राहिले होते. आणि या चार दिवसांत मला जे कळलं, ते इथे कुणालाच सांगता येत नाहीये! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, तेव्हा तुमच्याकडून बाहेर फुटायची भीती नाही.

आधी कबूल करते. मी तुमच्यावर संशय घेत होते. एक-दोन दिवस नाही, चांगली सहा वर्षं. तसा माझा स्वभावच संशयी. आमचे हे म्हणतात, हिला दूधवाल्याच्या दुधावर संशय, आणि त्यात पाणी कुठलं घातलं यावरही संशय. पण तुमच्या बाबतीत मला कारण होतं, वहिनी. एक नाही, चार कारणं होती.

पहिलं कारण चिठ्ठ्या. आईंच्या खुब्याचं हाड मोडलं आणि त्या चाकाच्या खुर्चीत आल्या, तेव्हापासून ठरलं की दिवाळीच्या सहलीला सगळ्यांनी जायचं आणि दोघी जावांपैकी एकीने मागे राहायचं. भांडण नको म्हणून दोन नावांच्या दोन चिठ्ठ्या. लिहायच्या तुम्ही, काढायची आईंनी. सहा वर्षांत सहा वेळा 'मंदा' निघालं! अहो, हळदीकुंकवाच्या हौजीत एकाच बाईला लागोपाठ दोनदा बक्षीस लागलं तरी बायका कुजबुजायला लागतात. आणि उरलेली चिठ्ठी तुम्ही मला कधी बघू दिलीत? लगेच चुरगाळून सिंकमध्ये, वर नळ सोडायचा.

यांना म्हटलं, काहीतरी गडबड आहे. तर म्हणाले, "फिरायला तुला मिळतंय ना? मग टेन्शन कसलं घेतेस?" पुरुषांना एवढंच कळतं. मला एकच प्रश्न पडायचा. गोवा सोडून, गणपतीपुळे सोडून, चार दिवस म्हातारीचं बेडपॅन काढायला कोण स्वतःहून लबाडी करून राहील? काही पदरात पडत असल्याशिवाय?

दुसरं कारण तुमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. त्या चार दिवसांतल्या एखाद्या चौकोनात तुम्ही पेन्सिलीने वेळ लिहायच्या. साडेअकरा. कधी पावणेदोन. मी विचारलं तर म्हणालात, "गॅसवाला येणार आहे." गॅसवाला वेळ देऊन येतो? आणि सांगितलेल्या वेळेला येतो? माझी खात्री झाली की वकील येत असणार. तळमजला आईंच्या नावावर आहे, आणि तुम्ही तो आपल्या नावावर करून घेताय.

तिसरं, फोन. गोव्याहून मी व्हिडिओ कॉल केला की तुम्ही कधी उचलायच्या नाहीत. साधा फोन उचललात तर मागे घर्रघर्र आवाज. "मिक्सर लावलाय गं, नंतर बोलते." भर दुपारी पाऊण तास मिक्सर? घरात माणसं दोन, वाटण कुणासाठी करत होतात? आम्ही परत यायचो तर आईंचे गाल उन्हाने तांबूस, आणि ओट्यावर नव्या सुकटीची पिशवी. सगळं मी टिपून ठेवत होते.

आणि चौथं कारण तुम्हाला ठाऊक आहे.

चार सहली झाल्या होत्या तेव्हा. आम्ही महाबळेश्वरहून आलो, आईंना भेटायला गेले तर त्यांचे हात मोकळे. त्या पाटल्या सासऱ्यांनी केलेल्या, त्या झोपेतही काढत नाहीत. वर तुमच्याकडे स्ट्रॉबेरी ठेवायला आले, तुम्ही कपाटातून टॉवेल काढत होतात, आणि तुमच्या साड्यांवर त्या पाटल्या! रात्री आईंच्या खोलीबाहेरच्या टेबलावर सगळे जेवायला बसले, तेव्हा मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "वहिनी, तुम्ही मागे राहून सेवा आईंची करता की त्यांच्या पाटल्यांची?"

भाऊजींचा घास हातातच राहिला. तुमचा नितेश ताट सोडून उठला. आणि तुम्ही? तुम्ही एवढंच म्हणालात, "काढून ठेवल्या होत्या. द्यायच्या राहिल्या." उठून वर गेलात, पाटल्या आणल्यात, आईंच्या हातात चढवल्यात आणि परत येऊन सगळ्यांना भात वाढलात. मलासुद्धा.

का नाही भांडलात? मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही गप्प बसलात म्हणजे मला वाटलं, चोरी पकडली गेली. पुढची दोन वर्षं पुन्हा चिठ्ठीत तुमचंच नाव निघालं, आणि मी सगळ्यांकडे बघून भुवया उडवल्या. आज ते आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

यंदा चिठ्ठीचा प्रश्नच नव्हता. जाऊ एकच उरली. मी मनातल्या मनात चरफडत राहिले आणि गाडीला हात केला. आईंच्या खोलीत आले तर त्या रोजच्यासारख्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. म्हटलं, चहा टाकू का? तर तोंड न वळवता म्हणाल्या, "गेली का गारी?"

"गेली."

"खारीपूल उतरली आसंल?"

"आता खाडीपूल उतरली असेल. का?"

मग त्या कोपरावर उठल्या, वहिनी! ज्यांना आपण चौघं मिळून बसवतो त्या. "मंग उबी काय? हिरवा लुगरा काढ. बालारामाला फोन लाव, त्याचा नंबर फ्रीजवं हाय. आज भरती साडेआकराला हाय, मंगच लाँच धक्क्याला लागते."

मला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. म्हटलं, आई, भाऊजींनी तुम्हाला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही म्हणून बजावलंय, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी माझं ऐकलंही नाही. दोन्ही पाटल्या काढल्या, साबण नाही, तेल नाही, इतक्या सवयीने, आणि माझ्या हातात ठेवल्या. "या तुज्या कपाटात ठेव. धक्क्यावं गर्दी आसते. मंदा पन तिथंच ठेवायची."

मी जिने चढून वर गेले. माझं कपाट उघडलं. माझ्या साड्यांवर त्या पाटल्या ठेवल्या आणि तशीच उभी राहिले. त्या इथेच राहिल्या आणि आज मंडळी लवकर परत आली तर? कुणी माझं कपाट उघडलं तर? वहिनी, मी तिथे पलंगावर बसून रडले. तुम्ही गेलात तेव्हाही एवढी रडले नव्हते, खरं सांगते.

बाळाराम आपली इको गाडी घेऊन आला. उतरल्या उतरल्या त्याने विचारलं, "मोठ्या काकी कुठं हाय?" त्याला कोण कळवणार? तो उरणकडचा, आणि आपल्या घरात त्याचं नाव तुमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो गाडीला टेकून उभा राहिला, गमछ्याने तोंड पुसलं, मग म्हणाला, "त्या फुडं बसायच्या. तुमी पन फुडंच बसा." आणि आईंना त्याने उचललं ते असं, की त्याचा हात नेमका कुठे ठेवायचा हे त्याला गेली सहा वर्षं माहीत असणार.

मोऱ्याच्या बंदरावर पोचलो तर दोन खलाशी आईंना बघून पुढे आले. खुर्चीसकट उचललं आणि लाँचच्या कडेच्या बाकापाशी नेऊन ठेवलं. कुणी एक शब्द विचारला नाही. आई तिथल्या राणीसारख्या! आपल्या घरी बोळक्या तोंडाने 'हां, हां' करणारी बाई तिथे लाँचवाल्याला सांगत होती की तुझा दोर सैल हाय.

लाँच सुटली. वहिनी, आपण दोघी या घरात सून म्हणून आलो, पण आईंचं माहेर मोऱ्याचं, त्यांच्या वडलांची होडी होती, हे मला लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं. लग्न होऊन त्या शेतात आल्या, आणि समुद्र सुटला. पाय मोडल्यावर तर मुलांनी अंगणही बंद केलं. त्यांना मुंबई बघायची नव्हती. भाऊच्या धक्क्याला लाँच लागली, माणसं उतरली, माणसं चढली, आणि आम्ही त्याच लाँचने परत. "उतरून काय करू? मना पानी बगायचाय." सबंध वाटभर त्या पाण्याकडे बघत होत्या. मध्येच मला म्हणाल्या, "आता डावीकडं बग," आणि डावीकडे नुसतं पाणीच होतं.

तेवढ्यात यांचा व्हिडिओ कॉल! मी कट केला. पुन्हा केला, पुन्हा कट. मग साधा फोन आला. इंजिनाचा घर्रघर्र आवाज, आणि हे विचारतायत, "आवाज कसला येतोय?"

माझ्या तोंडून काय निघालं असेल? "मिक्सर लावलाय!"

आई तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता मला तुमचा एवढा राग आला! आम्ही गोव्यात खोली कुणाला समुद्राच्या बाजूची यावर भांडत होतो, नितेशच्या उलट्या आवरत होतो, आणि तुम्ही इथे वारा खात, सुकट विकत घेत मजेत! मला वाटलं होतं तुम्ही देवी तरी असाल नाहीतर चोर तरी. दोन्ही नव्हतात. तुम्हाला ती सहल आवडत होती, म्हणून लबाडी करत होतात. खरं की नाही?

मी आईंना विचारलंच. चिठ्ठ्यांचं काय होतं? म्हणाल्या, "दोनी चिठ्ठ्यांवं तिचाच नाव."

"मग मला का नाही घेतलंत कधी? एखाद्या वर्षी?"

त्या म्हणाल्या, "तू लय इचारतस गो."

मला आणलं असतं तर पुढच्या दिवाळीपर्यंत ते सगळ्या गावाला कळलं असतं. ते खरंच आहे. पण लागलं, वहिनी. तुम्ही तरी एकदा माझी बाजू घ्यायचीत ना, की सुनंदाला सांगून बघू!

परत येताना, मोऱ्याचा धक्का दिसायला लागला तेव्हा, त्या रात्रीबद्दल विचारलं. जेवणाच्या टेबलाबद्दल. म्हटलं, आई, तुम्ही खोलीत पडून सगळं ऐकत होतात, मग बोलला का नाहीत? आई म्हणाल्या, "मी बोलाया गेली. तिना मना डोल्यानी गप केली." मग म्हणाल्या, "तिना सांगला आसता त माज्या पोरांनी मना परत हितं येव दिली आसती?"

म्हणजे तुमच्याजवळ उत्तर होतं. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. तुम्ही ते वाक्य गिळलंत, स्वतःच्या मुलासमोर चोर ठरलात, आणि मला भात वाढलात. का? तर एका म्हातारीला वर्षातून एक दिवस पाण्यावर नेता यावं म्हणून. दोन वर्षं! दोन वर्षांत एकदाही तुम्ही मला टोमणासुद्धा मारला नाहीत. आणि मी त्याचाही संशय घेतला.

आता कालचं सांगते, आणि संपवते.

काल गाडी आली. नितेश आधी आजीच्या खोलीत गेला. तो माझ्याशी त्या रात्रीपासून कामापुरतंच बोलतो. तुमच्या तेराव्याला त्याने मला वाढलं, पण 'काकी' म्हटलं नाही. काल बाहेर आला आणि म्हणाला, "आजीचा चेहरा काळवंडलाय. चार दिवस काय चाललं होतं इथे?" असं म्हणत तो माझ्याकडे बघत होता. ती नजर मी ओळखते. माझीच आहे ती.

त्याला खरं सांगायचं होतं मला. तुझी आई चोर नव्हती रे, मी मूर्ख होते. तोंडाशी आलं होतं. त्याला किती बरं वाटलं असतं! आठ महिने तो तुमचा फोटो रोज पुसतो. पण तो भाऊजींचा मुलगा. कळलं असतं तर अर्ध्या तासात बाळारामला फोन आणि अंगणाला कुलूप. आतून आईंना ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "खिडकीपाशी बसवत होते उन्हात. हाडांना बरं असतं."

त्याला पटलं नाही. पटणार कसं?

वहिनी, माझं चुकलं. हे तुमच्यासमोर बसून म्हणायला हवं होतं, आणि मला आठ महिने उशीर झाला. माफी मागून आता काय उपयोग, पण मागते. आणि शब्द देते. आई आहेत तोवर माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही. मला जमेल का, असा तुम्हाला संशय येत असेल, आणि तो रास्त आहे. पण जमवेन. ज्या दिवशी आई तुमच्याकडे येतील, त्यानंतर त्याच टेबलावर, सगळे पानावर बसलेले असताना, मी उभी राहून सगळं सांगेन. मी काय बोलले होते तेही, शब्द न गाळता. आधी नितेशकडे बघून सांगेन.

तोपर्यंत त्याने मला चोर समजलं तरी चालेल.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा